सी-अर्चिनचं अंडं आणि ‘खराब जमीन’

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



आरोग्याच्या सत्रात ही बाई समुद्रातल्या प्राण्यांविषयी काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. मी प्राणिशास्त्र शिकलेली नाही, एम.एस.डब्ल्यू. केलेली कार्यकर्ती आहे. पण आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली होती. तिसरी मुलगी झाली म्हणून तिला माहेरी धाडलेलं. आम्ही सासूबाईंना बोलावून घेतलं. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “ताई, बी आमचं चांगलंच आहे. जमीनच खराब निघाली.” मी कायदा सांगितला. पोटगी सांगितली. जमिनीचं उत्तर मात्र मला देता आलं नाही.

बाई म्हणजे शेत, बी पुरुषाचं, म्हणून पीकही त्याचं आणि मालकीही त्याचीच. ही समजूत फार जुनी आहे. लीला दुबे यांनी तिच्याविषयी सविस्तर लिहिलंय. मला प्रश्न पडला, बाईचाही वाटा असतो हे डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं कोणी? शोधत शोधत मी सी-अर्चिनपाशी पोचले.

हे त्याचं रिकामं कवच. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर मिळतं. जिवंतपणी यावर साळिंदरासारखे काटे असतात. तारामासा, ब्रिटल स्टार, समुद्रकाकडी, पिसासारखे हात पसरणारे फेदर स्टार, ही सगळी याचीच भावंडं. कंटकचर्मी म्हणतात त्यांना. सुमारे सात हजार जाती, आणि एकही गोड्या पाण्यात नाही. शरीर बहुधा पाच भागांत बेतलेलं. गंमत म्हणजे पिल्लू मात्र आपल्यासारखं डावं-उजवं असतं, पाचाचा हिशेब मोठेपणी येतो. नळीसारख्या बारीक पायांत पाणी भरून हे चालतात. तोंडात पाच दातांची यंत्रणा असते, तिला ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात.

बाहेरून नर-मादी ओळखता येत नाहीत. दोघंही आपापली बीजं समुद्रात सोडतात, मादी तर लाखोंनी. फलन पाण्यातच होतं आणि बऱ्याच जातींची अंडी पारदर्शक असतात. म्हणजे जे बाईच्या पोटात कोणालाच दिसत नव्हतं, ते इथे काचेच्या बशीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागलं. ऑस्कर हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञाने 1876 साली लिहिलं, की सी-अर्चिनच्या अंड्यात दोन केंद्रकं एकत्र येतात, एक अंड्याचं आणि एक शुक्राणूचं. दोन बीजं. आपला पाठ्यपुस्तकातला शब्दच बघा ना, स्त्रीबीज! शाळेत पाठ केला आणि घरी येऊन ‘जमीन’ म्हणत राहिलो.

अंडं नुसतं पडून वाट बघतं, हेही खरं नाही. त्याच्याभोवतीच्या आवरणातली रसायनं शुक्राणूंना ओढून घेतात. एक शुक्राणू आत शिरला की मिनिटभरात अंडं आपल्याभोवती पडदा उभा करून बाकीच्यांना बाहेर ठेवतं. एमिली मार्टिन या अमेरिकन अभ्यासिकेने 1991 साली दाखवून दिलं, की पाठ्यपुस्तकं ही गोष्ट शूर राजपुत्र आणि झोपलेली राजकन्या अशा थाटात सांगतात.

दोन शुक्राणू शिरले तर काय होतं? थिओडोर बोव्हेरीने हे सी-अर्चिनवरच तपासलं आणि 1902 साली मांडलं. गुणसूत्रांची वाटणी बिघडते आणि बहुतेक गर्भ नीट वाढत नाहीत. प्रत्येक गुणसूत्राचं काम वेगळं, संच पुरा लागतो. बोव्हेरीचं नाव पुस्तकांत आहे. त्याच्यासोबत काम करणारी त्याची पत्नी मार्सेला ओग्रेडी स्वतः जीवशास्त्रज्ञ होती, अमेरिकेत प्राध्यापक होती. तिचं नाव शोधावं लागतं.

बोव्हेरीकडे शिकायला आलेली नेटी स्टीव्हन्स. शाळेत शिकवून पैसे साठवले आणि पस्तिसाव्या वर्षी विद्यापीठात गेली. 1905 साली तिने पिठात होणाऱ्या किड्याच्या पेशी तपासल्या. मादीत वीस मोठी गुणसूत्रं, नरात एकोणीस मोठी आणि एक लहान. ते लहान गुणसूत्र ज्या शुक्राणूत, त्यातून नर. 1912 साली ती स्तनाच्या कर्करोगाने गेली, पन्नाशीतच.

आता इथे जरा थांबूया. आपण वस्त्यांमध्ये सांगतो, मुलगी होणं बापावर अवलंबून असतं, बाईचा दोष नाही. मीही त्या सासूबाईंना पुढच्या भेटीत हेच सांगितलं. त्या गप्प झाल्या. सुनेला न्यायला नवरा आला. पण जाताना ती मला म्हणाली, “म्हणजे ताई, दोष यांचा.” मुलगी हा दोषच आहे, हे आमच्या बोलण्यातून तसंच राहिलं होतं. त्या दिवसापासून आमच्या तक्त्यातला ‘जबाबदार कोण?’ हा मथळा मी काढून टाकलाय. नवीन मथळा अजून सुचलेला नाही. गटचर्चेत तुम्ही सुचवा.

तोवर हे कवच फिरवते. बारीक छिद्रांच्या पाच दुहेरी रांगा दिसतील, तिथून ते पाय बाहेर यायचे. हलक्या हाताने धरा, लगेच फुटतं.