बाबांचं स्टूल आणि माझी पहिली पटाशी

बसमध्ये, ट्रॅफिकमध्ये किंवा भांडी घासताना ऐकत असाल, तर आधीच सांगते, आजचा भाग लाकूडकामाचा आहे. शिकवणी नाहीये ही. मी सुतार नाही. मी पुण्यात एका कंपनीत स्क्रीन डिझाइन करते, म्हणजे तुम्ही ॲपमध्ये जी बटणं दाबता, तसली. दोन वर्षांपूर्वी हौस म्हणून लाकूड हातात घेतलं आणि त्या हौसेपायी माझे बाबा पडले. ती गोष्ट सांगायची आहे.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली. मोबाइलवर व्हिडिओ. रंध्यातून कागदासारखी पातळ ढलपी निघतेय, मागे मंद संगीत. मला वाटलं, हे जमेल आपल्याला. डिझाइनची आवड होतीच. खुर्च्यांचे फोटो मी लग्नाच्या साड्यांसारखे साठवून ठेवायचे. मग ऑनलाइन खरेदी सुरू. ड्रिल मशीन, जिगसॉ, सँडर. पहिल्या दोन महिन्यांत साडेचौदा हजार गेले. आई म्हणाली, "एवढ्यात तयार स्टूल आली असती अर्धा डझन."

लाकूड आणायला वखारीत गेले. तिथल्या माणसाने माझ्या मागे बघितलं, कुणी येतंय का म्हणून. मग म्हणाला, "मॅडम, मिस्त्रीला पाठवा, तुम्हाला नाही कळायचं." मला इतका राग आला की मी काहीच विचारलं नाही. दाखवलं ते सागाचं लाकूड घेतलं आणि आले. आज मान्य करते, त्या रागाची किंमत पुढे मोजावी लागली. ऑगस्ट होता, बाहेर धो धो पाऊस, आणि मी घेतलेली फळी ओली होती.

स्टूल कुणासाठी? बाबांसाठी. त्यांचे गुडघे दुखतात, पाटावर बसून पूजा करणं बंद झालं होतं. मी एका सुंदर फोटोवरून माप काढलं, उंची १६ इंच. बसायच्या फळीखाली दोन आडव्या पट्ट्या फेविकॉल आणि स्क्रू लावून गच्च बसवल्या, पट्ट्यांना पाय जोडले. फोटो टाकला, लाइक्स आले. स्टूल थोडं डगमगायचं. बाबांनी एका पायाखाली वर्तमानपत्राची घडी ठेवली आणि मला कधीच सांगितलं नाही. मला ती घडी झाडताना सापडली.

एप्रिलमध्ये एका सकाळी आरती झाल्यावर ते हाताचा जोर देऊन उठायला गेले आणि फळी मधोमध तडकली. एक पट्टी सुटली, पाय फाकला, बाबा बाजूला पडले. एक्सरे काढला. हाड मोडलं नव्हतं, पण तीन आठवडे कंबर धरून चालत होते. आल्यागेल्याला सांगायचे, "पाय घसरला." स्टूलचं नाव काढलं नाही. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

चार महिने मी हत्याराला हात लावला नाही.

मग आमच्या सोसायटीत एका फ्लॅटचं फर्निचर सुरू झालं. तिथे एक सुतारकाका होते, साठीचे, सातारकडचे. एकदा धीर करून ते मोडकं स्टूल घेऊन खाली गेले. त्यांनी उलटं केलं, तड्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ताई, हे पावसाळ्यात केलंत ना?"

मी गार!

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. लाकूड झाडातून कापलं तरी हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. घरातलं दार जुलैमध्ये घट्ट होतं ना, तेच. पण हे फुगणं-आकसणं होतं रुंदीत. लांबीत जवळपास नाहीच. माझी फळी एप्रिलमध्ये रुंदीत आकसायला बघत होती आणि आडव्या पट्ट्या तिला हलू देत नव्हत्या. मग ती कुठे जाणार? तडकली. पट्टीतली भोकं थोडी लांबट ठेवून नुसते स्क्रू लावले असते, फेविकॉल नसता लावला, तर फळीला हलायला जागा मिळाली असती. आणि त्याआधी लाकूड घरात आणून, मध्ये पट्ट्या घालून, वारा लागेल असं दोन-तीन महिने रचून ठेवायला हवं होतं.

मी विचारलं, "काका, मला शिकवाल का?" ते हसले. म्हणाले, "माझा पोरगा शिकला नाही, डिलिव्हरीला जातो. आणि तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्हाला कशाला पाहिजे हे?" ह्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. अजूनही नीट येत नाही. माझी ती हौस आहे, त्यांचं पोट आहे. मी एवढंच ठरवलं की फुकट शिकायचं नाही. दर रविवारी दोन तास, त्यांच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर. आधी नको म्हणाले. मग मी म्हटलं, क्लासला फी असतेच की. तेव्हा घेतली.

पहिले तीन रविवार काय केलं माहितीये? धार लावली. बस. मशीन बाजूला. एक पटाशी, एक दगड, पाणी. पटाशीच्या पाठीची बाजू सपाट करायची, मग पुढची उतरती बाजू साधारण २५ अंशांत घासायची. धार आली की नाही ते कसं कळतं? मऊ लाकडाच्या टोकाचा, म्हणजे कापलेल्या तोंडाचा, पातळ काप काढून बघायचा. चुरा न होता गुळगुळीत निघाला तर धार आहे. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती निसटते. हात कापतो तो बहुतेक बोथट हत्याराने.

चौथ्या रविवारी गुण्या. काटकोन तपासायचं हत्यार. पण गुण्याच चुकीचा असेल तर? सरळ कडेला गुण्या टेकवून रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर दुकानदाराला परत द्यायचा. मी माझा दिला.

मग सांधा. सुतार इंचात मोजतात आणि इंचाचे आठ भाग करतात, एका भागाला म्हणतात सूत. "दोन सूत कमी घ्या" म्हणजे पाव इंच. कुसू, म्हणजे एका लाकडाची जीभ, दुसऱ्याच्या खाचेत बसते. जाडी साधारण लाकडाच्या एक तृतीयांश. हाताने दाबून आत जायला पाहिजे, हातोडीने बडवायला लागलं तर खाच फुटते. लाकडाच्या टोकाला फेविकॉल नीट धरत नाही, लांबीच्या बाजूला एकदम पक्का धरतो. कुसूमुळे चिकटायला तीच लांबीची बाजू मिळते. पहिल्या सहा कुसू मी वाया घालवल्या.

आता डिझाइनचं. मला वाटायचं, डिझाइन म्हणजे दिसणं, आणि सुतारकी म्हणजे ते करून देणं. ह्याच काळात जॉर्ज नाकाशिमांबद्दल वाचलं. जन्म १९०५चा, अमेरिकेतले जपानी वंशाचे, शिक्षण आर्किटेक्टचं. १९३०च्या दशकात ते आपल्याकडे पुदुच्चेरीत अरविंद आश्रमाच्या गोलकोंड इमारतीच्या कामावर होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. १९४२मध्ये आयडाहोच्या मिनिडोका छावणीत त्यांना गेंतारो हिकोगावा नावाचे सुतार भेटले, आणि एवढा शिकलेला आर्किटेक्ट त्यांच्या हाताखाली जपानी पद्धतीचं काम शिकला. पुढे ते जगभर नावाजले गेले. १९६४मध्ये अहमदाबादच्या एनआयडीतही त्यांनी फर्निचर डिझाइन केलं. त्यांच्या टेबलांवर लाकडाचा तडा तसाच दिसतो, फक्त त्यावर फुलपाखराच्या आकाराची पाचर बसवलेली असते, तडा वाढू नये म्हणून.

ते वाचून मी आधी फोटो बाजूला ठेवले आणि बाबांना मोजलं. खरंच. त्यांना खुर्चीवर बसवून, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या भागापर्यंत. १८ इंच. आणि मी त्यांना १६ इंचाच्या स्टूलवरून रोज उठवत होते! दुखऱ्या गुडघ्यांना बैठक थोडी उंचच लागते. मग रद्दीचे गठ्ठे रचून वेगवेगळ्या उंचीवर बसवून बघितलं. १९ इंचावर ते हात न टेकता उठले. माप ठरलं. तीन पायांचं करायचा मोह होता, कारण तीन पाय कुठल्याही फरशीवर डगमगत नाहीत. पण कडेवर जोर दिला तर तीन पायांचं लवकर कलंडतं, आणि बाबा कडेवरच जोर देतात. म्हणून चार पाय, थोडे बाहेर फाकवलेले.

लाकूड ह्या वेळी जुनं घेतलं. पाडलेल्या वाड्याची सागाची चौकट. कित्येक उन्हाळे-पावसाळे बघून बसलेलं लाकूड. फक्त आधी एकेक खिळा शोधून काढायचा, नाहीतर रंध्याचं पातं गेलं. तीन महिने लागले, शनिवार-रविवार धरून. शेवटी एक पाय किंचित लांब राहिला. स्टूल ओट्याच्या कडप्प्यावर ठेवलं, कागदाच्या घड्या घालून समतल केलं, चारी पायांभोवती एकाच उंचीवर पेन्सिल फिरवली आणि त्या रेघेवर कापलं. घडी गेली.

बाबा बसले. काही बोलले नाहीत. पूजा केली, उठले, स्टूल भिंतीला सरकवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. मी अजून दर महिन्याला ते उलटं करून सांधे तपासते. दोन्ही ऋतू त्याने काढलेत, पण माझी भीती गेली नाही, आणि ती राहू दे असंच वाटतं.

मोडकं स्टूल टाकलं नाही. तड्यावर फुलपाखराची पाचर बसवली, थोडी वाकडी. त्यावर आता तुळशीची कुंडी असते. माणूस बसवत नाही.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर एवढंच: एक हातकरवत, अर्ध्या आणि एक इंचाच्या दोन पटाश्या, एक रंधा, गुण्या, धारेचा दगड, दोन क्लॅम्प. मशीन नंतर. घासकाम करताना तोंडाला मास्क. पहिली वस्तू अशी करा, जिच्यावर कुणाचा भार येणार नाही. आणि वखारीत कुणी "तुम्हाला नाही कळायचं" म्हणालं, तर रागावून गप्प बसू नका. विचारा, "मग सांगा ना, हे वाळलेलं आहे का?"

तुम्ही हाताने केलेली, फसलेली एखादी वस्तू घरात असेल तर मला नक्की कळवा. फोटो फसलेल्याचाच पाठवा हं. चला, भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!