‘डोकं फिरलं होतं’ म्हणण्याआधी

गावोगावच्या बचत गटांच्या बैठका घेत फिरणाऱ्या आम्ही सहयोगिनी आज एका वेगळ्याच विषयावर बोलणार आहोत. कर्ज, हप्ते, व्याज यांवर नेहमीच बोलतो. पण एका बैठकीत वहीवर सह्या चालल्या असताना कुणीतरी मोबाइलवर अमेरिकेतल्या गोळीबाराची बातमी वाचून दाखवली. एक ताई म्हणाल्या, “डोकं फिरलं असणार मेल्याचं.” दुसऱ्या म्हणाल्या, “आणि बंदूक काय बाजारात मिळते का तिकडं?” दोन्ही प्रश्न खरे आहेत, म्हणून आज तेच घेतले आहेत.

बंदुकीचं आधी सांगतो. होय, अमेरिकेत दुकानात मिळते. तिथल्या राज्यघटनेला १७९१ साली जोडलेल्या एका दुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला आहे. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतःच्या रक्षणासाठी घरात बंदूक ठेवणं हा माणसाचा वैयक्तिक हक्क आहे. आज त्या देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. आपल्याकडे असा हक्क नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना मागावा लागतो, तो का हवा ते सांगावं लागतं आणि सरकार नाही म्हणू शकतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच बंदुका ठेवता येतात. निवडणूक लागली की गावातल्या परवानेवाल्यांना बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात, ते तुम्ही पाहिलं असेलच. गावठी कट्ट्याला अर्थातच परवाना नसतो. तो जवळ सापडला तरी गुन्हा आहे, मग त्यातून गोळी सुटो वा न सुटो.

आता डोकं फिरण्याचं. इथे आम्हाला जरा थांबायचं आहे, कारण आपण हा शब्द फार स्वस्तात वापरतो.

न्यूझीलंड हा लहानसा, शांत देश. तिथल्या ख्राइस्टचर्च शहरात १५ मार्च २०१९ ला, शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी, एक माणूस दोन मशिदींत शिरला आणि त्याने ५१ जणांना मारलं. मेलेल्यांत आपल्या देशातली माणसंही होती. त्याच्याकडे बंदुकीचा परवाना होता. त्याची मानसिक तपासणी झाली आणि तो खटल्याला उभा राहण्यास सक्षम ठरला. त्याने आधीपासून तयारी केली होती, आपल्या द्वेषाचं लांबलचक लिखाणही करून ठेवलं होतं. दुसऱ्या धर्माची माणसं आपल्या मुळावर आली आहेत, हे त्याने स्वतःला पटवून दिलं होतं. तिथल्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी त्याचं नाव कधीच घेणार नाही असं सांगितलं. महिन्याच्या आत संसदेने धडाधड गोळ्या सोडणाऱ्या बंदुकांवर बंदी आणली आणि सरकारने पन्नास हजारांवर बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. त्या माणसाला मरेपर्यंत जन्मठेप झाली.

लांबचं कशाला? साताऱ्याचे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर आपल्यातल्या अनेकींना माहीत आहेत. अंगात येणं, भानामती यांमागे बाईच्या मनाचा कोंडमारा असू शकतो, तिला मांत्रिकाकडे नको, डॉक्टरकडे न्या, हे त्यांनी गावोगाव सांगितलं. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ते पुण्यात फिरायला निघाले होते. ओंकारेश्वर पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई सकाळच्या फेरीवरून परतत असताना दोघांवर गोळ्या झाडल्या. उमाताई वाचल्या, पानसरे गेले. दाभोलकरांच्या खटल्याचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडलं. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. हे काही रागाच्या भरात दगड उचलण्यासारखं नव्हतं. म्हणून अशा माणसाला ‘वेडा’ म्हटलं की त्याचा विचार, त्याला शिकवणारे, त्याच्या हातात हत्यार देणारे, सगळे सुटतात. उलट खरोखर मनाने आजारी असलेली आपल्या गावातली बाई किंवा पोरगा मात्र त्या शब्दाखाली भरडला जातो. बहुतेक हिंसा मानसिक आजार नसलेलीच माणसं करतात. आजारी माणूस मारण्यापेक्षा मार खाण्याचीच शक्यता जास्त.

आपल्या पोरांकडे या नजरेने बघूया. तलवारीने वाढदिवसाचा केक कापायचा आणि त्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवायचा, हे खूळ आता तालुक्याच्या पलीकडे वाड्यांपर्यंत आलं आहे. पोलीस त्यावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल करतात, आणि मग पोलीस भरतीचं स्वप्न बघणारं पोरगं कोर्टाच्या तारखांना जात राहतं. आईला मात्र वाटत असतं, हौस आहे, करू दे.

आमच्या एका गटातल्या ताईंचा थोरला बारावीनंतर दोन वर्षं घरीच होता. रात्रभर फोन. शेजारच्या चाचींकडून ईदचा शिरखुर्मा यायचा, तो त्याने एका वर्षी परत पाठवला. जेवताना ‘त्यांना एकदा धडा शिकवला पाहिजे’ असं बोलू लागला. ताईंनी आरडाओरडा केला नाही. त्या त्याला विचारत राहिल्या, कोण सांगतं हे, तू त्याला कधी भेटलायस का? तो कधीच भेटला नव्हता. मग मामाने त्याला आपल्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कामावर नेलं. पोरगा एकदम बदलला असं आम्ही म्हणणार नाही. अजून कमी बोलतो. पण त्या फोनवरच्या गटातून बाहेर पडला, आणि झोप लागत नाही हे त्याने स्वतःहून मामाला सांगितलं. आता तो जिल्हा रुग्णालयात दाखवायला जातो. तो वेडा नाही आणि गुन्हेगारही नाही. वेळेवर कुणीतरी जवळ बसलं, एवढंच.

आणखी एक गोष्ट बातम्यांत फारशी येत नाही. अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं दुसऱ्याच्या गोळीने मरत नाहीत, स्वतःचा जीव घेतात. घरात बंदूक हाताशी असते आणि मनाचा तो वाईट क्षण येतो. क्षण टळला असता तर पुष्कळ माणसं वाचली असती, कारण तो फार काळ टिकत नाही. आता सांगा, आपल्या घरात त्या बंदुकीच्या जागी काय आहे? फवारणीचं औषध. खाटेखाली, मोरीच्या कोपऱ्यात, पिठाच्या डब्याशेजारी. श्रीलंकेने सर्वांत जहाल औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास खाली आलं, आणि शेतीचं उत्पन्न त्यापायी बुडालं नाही. माणसांची दुःखं तर तिथेही होतीच.

कुणी असं काही करून बसलं तर पोलिसांच्या भीतीने घरात लपवून ठेवू नका, आधी दवाखाना गाठा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस मोठ्या तणावाखाली होता असंच धरायचं आहे, त्याला शिक्षा नाही. आणि नुसतं मन जड झालं असेल, स्वतःचं किंवा लेकराचं, तर १४४१६ हा सरकारचा टेली मानस क्रमांक आहे. फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीत हप्त्यांच्या आधी दहा मिनिटं काढून एवढं विचारा: कुणाच्या घरी औषध कुलपात नाही? लोखंडी पेटी आणि कुलूप, फार खर्च नाही. गटाच्या पैशातूनही घेता येईल, तसा ठराव करून घ्या. लागेल तेवढंच औषध आणायचं, उरलेलं पेटीत, रिकामे डबे पाण्याला वापरायचे नाहीत. किल्ली कुणाकडे राहील हेही तिथेच ठरवा. आमच्या एका गटात यावर बराच वाद झाला. नवरे म्हणाले आमच्याकडे, सुना म्हणाल्या आमच्याकडे. शेवटी बहुतेक घरांत ती सासूबाईंच्या कमरेला गेली, आणि फवारणीच्या दिवशी पहाटे त्यांना उठवावं लागतं अशी तक्रार आता आमच्याकडे येते.