तारीख घाला, नाव लिहा



मुख्याध्यापिका बाईंनी पत्रात मला विषय दिला होता, ‘सैन्यदलातील संधी’. त्याची टिपणं खिशात आहेत. पण फाटकातून आत आलो, उजव्या हाताची ती कौलारू खोली अजून उभी दिसली, आणि डोळ्यांसमोर शनिवारची सकाळची शाळा भरली.

आमचे मराठीचे सर दर शनिवारी एकच गोष्ट करायला लावायचे. अर्ज लिहायचा. पोस्टमन आठवड्यातून एकदाच येतो, पोस्टमास्तरांना अर्ज. वस्तीवर पाणी नाही, सभापतींना अर्ज. वर तारीख, मग प्रति, विषय, महोदय, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव. कुणी नुसतं आडनाव लिहिलं की सर वही परत द्यायचे. म्हणायचे, “पूर्ण नाव लिही. तू कोण आहेस हे कळू दे त्यांना.” पाण्याचा अर्ज त्यांनी खरोखरच पंचायत समितीत नेऊन दिला, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी आमच्या वस्तीवर हातपंप बसला. त्या हातपंपाचं मोल काय होतं हे माझ्या वयाच्या मंडळींना ठाऊक आहे. वरून कुणीतरी घागरीत पाणी ओतेल म्हणून विहिरीच्या कडेला ताटकळत उभं राहण्यात माझ्या आईचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

मी फौजेत शिक्षण हवालदार म्हणून गेलो. पचमढीला प्रशिक्षण, मग वेगवेगळ्या पलटणींत नेमणूक. काम म्हणजे जवानांना लिहायला, वाचायला, नकाशा समजून घ्यायला शिकवायचं आणि बढतीच्या परीक्षेला बसवायचं. कामाबद्दल इतकं पुरे.

हेच काम सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत करत होते. ते तिथे हेडमास्तर होते. निवृत्तीनंतर ते दापोलीला आणि पुढे साताऱ्याला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या मुलाचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झालं. तीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि त्या दाखल्यामुळेच आपण ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. तो मुलगा कोण हे मी सांगायला नको. मला आज त्याच्या वडिलांसारख्या शिपायांबद्दल बोलायचं आहे.

कंपनी सरकारच्या काळापासून पलटणीत शाळा असे. गावात ज्यांना अक्षर शिवू देत नव्हते ते तिथे लिहायला शिकले, त्यांची मुलंबाळं शिकली. कोरेगावच्या विजयस्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावं आजही वाचता येतात. आणि १८९२ च्या सुमारास त्याच महारांची भरती बंद झाली. तेव्हा ‘लढाऊ वंश’ नावाचा सिद्धांत जोरात होता. लॉर्ड रॉबर्ट्ससारखे सेनापती पठाण, शीख, गुरखे यांना जन्मजात शूर मानत, आणि दक्षिणेतल्या पलटणी त्यांच्या मते कामाच्या नव्हत्या. त्याला जातीची जोड मिळाली. वरच्या जातीचा शिपाई महार सुभेदाराला सलाम कसा करील, असं विचारलं जाऊ लागलं. गोऱ्यांचा वंशाभिमान आणि आपली शिवाशिव, दोघांनी मिळून ते दार बंद केलं.

मग त्या माणसांनी काय केलं? त्यांनी अर्ज लिहिला. गोपाळबाबा वलंगकर हे महाडकडचे निवृत्त शिपाई. त्यांनी १८९४ मध्ये भरतीबंदीविरुद्ध विनंतीपत्र तयार केलं. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेला, भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि १९२१ मध्ये ती मोडून टाकली.

माझे आजोबा त्या पलटणीत होते. परत आले ते गावाबाहेरच्या घरात. वडील सांगायचे, दुसऱ्या महायुद्धात गावातली पोरं मराठा पलटणीतून आफ्रिकेत, इटलीत होती. त्यांची पत्रं यायची आणि वाचणारं माणूस आसपास आजोबाच. पोराची आई आमच्या अंगणाच्या कडेला यायची, पत्र जमिनीवर ठेवायची, चार पावलं मागे सरायची. आजोबा ते उचलायचे, मोठ्याने वाचायचे, उत्तर लिहून परत जमिनीवर ठेवायचे. त्यांनी एकाही आईला परत पाठवलं नाही. पुढच्या रांगेत बसलेल्या काही आजींच्या घरची पत्रं त्यात असतील. आजी, मी हे दोष द्यायला सांगत नाही. तुमच्या सासूबाईंना मुलाची खुशाली कळली याचा मला अभिमान आहे. पण पत्र जमिनीवर ठेवावं लागलं, हेही या मुलांना कळलं पाहिजे.

जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पहिल्या अर्जापासून मोजलं तर जवळजवळ पन्नास वर्षं. त्याच रेजिमेंटमधून पुढे के. व्ही. कृष्णराव आणि सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख झाले.

म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो, लिहा. रोज एक पान, हाताने. वर तारीख घाला. जे पाहिलं, जे सोसलं, ते जसंच्या तसं लिहा. मोबाइलवर रागाने चार ओळी टाकून मोकळं होऊ नका. एका पलटणीत एक वरिष्ठ मला पहिल्या दिवसापासून गाव आणि आडनाव पुन्हा पुन्हा विचारायचे. का, ते मला समजत होतं. मी भांडलो नाही. रोज वहीत तारीख घालून लिहिलं. माझ्या अहवालात खोटा शेरा आला तेव्हा आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २६ खाली तक्रार केली, वहीतल्या तारखांसह. शेरा रद्द झाला. ते कलम फौजेतल्या प्रत्येक शिपायाला लागू आहे, पण लिहिता येणाऱ्यालाच त्याचा उपयोग होतो.

असा संशय फक्त जातीवरूनच घेतला जात नव्हता. गोऱ्या साहेबांना वाटायचं, हिंदी माणूस शिपाई चांगला, पण पलटण सांभाळणार नाही. १९२३ मध्ये त्यांनी हिंदी अधिकारी मोजक्या आठ पलटणींतच ठेवायचं ठरवलं, म्हणजे गोऱ्याला काळ्याच्या हाताखाली राहायला नको. त्याच काळात आपल्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात सँडहर्स्टला शिकून अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगावला जी घनघोर लढाई झाली तिथल्या ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते. थोरात, थिमय्या आणि सेन. तिघांनाही डी.एस.ओ. हा लष्करी सन्मान मिळाला.

आता एन.सी.सी.च्या गणवेशातल्या मुलींनो, इकडे बघा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकारने मांडलं की खेड्यातून आलेले जवान बाई अधिकाऱ्याचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत. मी आयुष्यभर खेड्यातल्याच जवानांना शिकवलं आहे. चांगला अधिकारी कोण, हे ते आठ दिवसांत ओळखतात. कुणाचा हुकूम कुणाला चालणार नाही, हा जुनाच युक्तिवाद आहे. न्यायालयाने तो १७ फेब्रुवारी २०२० रोजी फेटाळला, कारण काही अधिकारी बायकांनी याचिका लिहिली होती. याचिका म्हणजेही अर्जच. पुढे एन.डी.ए.चं दारही याचिकेनेच उघडलं, आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. साताऱ्याच्या स्वाती महाडिक यांचं नाव तुम्हाला माहीत आहेच. पती कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्याला शहीद झाले. दोन लहान मुलांची आई असलेल्या स्वातीताई २०१७ मध्ये चेन्नईहून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या.

आणि वाळवा तालुक्यात उभं राहून पेठच्या मुरलीकांत पेटकरांचं नाव न घेता मी कसा खाली बसू? १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, कमरेखालचं अंग गेलं. उपचार म्हणून पोहायला लागले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि अर्जुन पुरस्कार आला तो जानेवारी २०२५ मध्ये. त्या नाकारलेल्या अर्जावर तारीख होती, नाव होतं. म्हणून देशाला आज कळतं की किती उशीर झाला.

सरपंच, तुम्ही समोर आहात म्हणून आत्ताच बोलतो. सकाळी या मुलींनी सांगितलं की भरतीच्या सरावाला धावायचं तर डांबरी रस्त्यावर, पहाटेच्या अंधारात, उसाच्या ट्रॅक्टरांमधून धावावं लागतं. गायरानाच्या कडेला चारशे मीटरचा कच्चा ट्रॅक आणि दोन दिवे, एवढीच त्यांची मागणी आहे. मुलींनो, तोंडी सांगू नका. आज रात्री अर्ज लिहा आणि सगळ्यांनी पूर्ण नावाने सह्या करा. सोमवारी दहा वाजता ग्रामपंचायत उघडते. अर्ज द्या आणि पोच घ्या, शिक्क्यासह. मी मंगळवारपर्यंत गावात आहे, तुमच्याबरोबर येईन.