एक मासा, एक गिऱ्हाईक: मालदीव आणि श्रीलंकेच्या व्यापाराची गोष्ट

आजचा विषय नावाला जरा रुक्ष आहे: द्विपक्षीय व्यापार. म्हणजे दोन देशांनी आपसात केलेली खरेदी-विक्री. बातम्यांत हा शब्द आला की आपला अंगठा आपोआप वर सरकतो, पुढची बातमी. पण आज आपण मोठ्या देशांकडे बघणार नाही आहोत. हिंदी महासागरातले दोन छोटे देश घेऊया, मालदीव आणि श्रीलंका. आणि त्यांच्या मधोमध आहे एक सुका मासा.

आधी आकार डोळ्यांसमोर आणा. श्रीलंका आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश. आणि मालदीव? सुमारे 1,190 बेटं, पण सगळ्यांची जमीन एकत्र केली तर जेमतेम 300 चौरस किलोमीटर. एकट्या मुंबई महापालिकेची हद्द यापेक्षा मोठी आहे! माले ते कोलंबो अंतर साडेसातशे किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये सगळं पाणी.

मालदीवची जमीन म्हणजे प्रवाळाची वाळू. तिथे नारळ होतो, थोडाफार भाजीपाला होतो, पण भात पिकत नाही. आणि लोकांना रोज भात तर लागतोच. मग भात आणायचा कशाच्या बदल्यात? समुद्रात जे आहे त्याच्या बदल्यात.

तिथल्या समुद्रात एक मासा मुबलक आहे. ट्यूनाच्या जातीचा, आपले कोळी ज्याला कुपा म्हणतात, त्याच्या कुळातला. तो धरायचा गळाने, एकेक करून. मग कापून त्याचे लांबट तुकडे करायचे, मिठाच्या पाण्यात शिजवायचे, धुरावर धरायचे आणि उन्हात वाळवायचे. शेवटी तुकडा इतका टणक होतो की लाकडाचा ढलपा वाटावा. फ्रिज नाही, बर्फ नाही, तरी महिनोन् महिने टिकतो. कोकणात पावसाळ्यासाठी आगोटीला सुके बोंबील, सोडे भरून ठेवतात ना? डोकं तेच. फरक एवढाच की मालदीवने या सुक्या मासळीवर अख्खा देश चालवला.

मालदीवच्या दिवेही भाषेत याला म्हणतात हिकिमस. 1343 च्या सुमारास प्रवासी इब्न बतूता मालदीवला पोचला, तिथे काझी म्हणून राहिला. त्याने या माशाची कृती लिहून ठेवली आहे. हा मासा हिंदुस्थान, चीन आणि येमेनला जातो, हेही त्याने नोंदवलंय. म्हणजे तेव्हा गिऱ्हाइकं बरीच होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता श्रीलंकेच्या स्वयंपाकघरात या. सिंहली भाषेत या माशाचं नाव उंबलकड. पोळ सांबोल नावाची तिथली चटणी आहे: ओलं खोबरं, लाल मिरची, कांदा, लिंबू, आणि कुटलेला उंबलकड. आपल्या सुकटीच्या चटणीची सख्खी मावसबहीण म्हणा ना! तुकडा अगदी छोटा, पण तो नसला की चव जाते. भाज्यांमध्ये, आमटीतही तो घालतात. गरिबाच्या घरातही लागतो, श्रीमंताच्याही. रोज लागतो, थोडाथोडा लागतो. विक्रेत्याला आणखी काय हवं?

तर व्यवहार असा बसला. नैऋत्य मोसमी वारा सुटला की मालदीवची शिडाची जहाजं मासे घेऊन पूर्वेकडे निघायची, सिलोनला. तिथे माल विकायचा, तांदूळ, कापड, साखर भरायची, आणि ईशान्येचा वारा सुरू झाला की परत यायचं. वाराच वेळापत्रक ठरवायचा.

इथे एक मुंबईचं कनेक्शन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईच्या बोहरी व्यापाऱ्यांनी मालेमध्ये दुकानं आणि वखारी थाटल्या. बघता बघता आयात-निर्यातीवर त्यांची पकड बसली. मासा घेणारेही तेच, तांदूळ विकणारेही तेच. असं झालं की भाव कोण ठरवणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. 1887 मध्ये मालदीव ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली गेला आणि त्याचे परराष्ट्र व्यवहार ब्रिटिश बघायचे सिलोनच्या गव्हर्नरमार्फत. म्हणजे बाजारही सिलोनचा आणि राजकीय दारही सिलोनचंच.

1940 च्या दशकात मोहम्मद अमीन दीदी या नेत्याने माशाची निर्यात सरकारच्या ताब्यात घेतली. परदेशी व्यापाऱ्याच्या हातून सुटका झाली, हे खरं. पण मग दलाल कोण? मालेतलं सरकार. आणि हे दक्षिणेकडच्या बेटांना जड गेलं. अड्डूचे लोक आपल्या जहाजांनी थेट सिलोनला जाऊन व्यापार करायचे. आता आमचा माल, आमची जहाजं, आणि हिशोब मालेत का, असा त्यांचा सवाल होता. 1959 मध्ये दक्षिणेच्या तीन प्रवाळबेट-समूहांनी सरळ वेगळं राष्ट्र जाहीर केलं, संयुक्त सुवादीव प्रजासत्ताक. त्यामागे इतरही कारणं होती, ब्रिटिशांचा गान बेटावरचा विमानतळ त्यातलं मोठं. पण व्यापाराची चावी कोणाच्या खिशात, हे भांडण मुळाशी होतं. 1963 पर्यंत ते राष्ट्र संपलं. सुक्या मासळीच्या हिशोबात देश फुटायची वेळ आली होती, मंडळी!

1965 मध्ये मालदीव स्वतंत्र झाला. तेव्हा परिस्थिती काय? निर्यात म्हणजे जवळजवळ सगळा सुका मासा, आणि तो जवळजवळ सगळा एकाच देशाला, श्रीलंकेला. इब्न बतूताच्या काळातली गिऱ्हाइकं गळून एकच उरलं होतं. चांगलं होतं, जुनं होतं, शेजारचं होतं. म्हणून कोणाला भीती वाटली नाही.

आणि मग 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते गिऱ्हाईक बसलं.

का? श्रीलंकेच्या लोकांना मासा नकोसा झाला? छे. मासा महाग झाला? तसंही नाही. मालाची प्रत घसरली? नाही. झालं असं की श्रीलंकेकडे परकीय चलन उरलं नाही. तो देश चहा, रबर आणि नारळ विकून डॉलर-पौंड कमवायचा आणि त्यातून तांदूळ, पीठ, इंधन आणायचा. चहाला भाव मिळेना, आयातीचा खर्च आटपेना. सरकारने आयातीला कात्री लावली. अशा यादीत आधी काय उडतं? जे पोट भरायला लागत नाही, फक्त चवीला लागतं ते. उंबलकड त्यात सापडला.

आजच्या भागातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे. मालदीवच्या मच्छीमाराने काहीही चूक केली नव्हती. मासा तोच, मेहनत तीच, खाणाऱ्याची आवडही तीच. पण त्याच्या घरातला तांदूळ अवलंबून होता साडेसातशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या देशाच्या तिजोरीवर, आणि ती तिजोरी अवलंबून होती चहाच्या भावावर. त्याने स्वतः बहुधा चहाचा मळा पाहिलाही नसेल.

मग मालदीवने काय केलं? जपानी कंपन्यांना ताजा मासा विकायला सुरुवात केली. शीतगृहं असलेली मोठी जहाजं समुद्रातच माल उचलायची आणि गोठवायची. 1974 पासून शिडाच्या होड्यांना इंजिनं बसायला लागली. पकड वाढली, रोख पैसा आला. देश वाचला.

पण बेटावरच्या बायकांचं काय झालं, तेही ऐका. मासा धरायचे पुरुष. पण शिजवणं, धुरी देणं, वाळवणं हे काम बायकांचं. मासा समुद्रातूनच परस्पर गेला की किनाऱ्यावर करायला काय उरलं? त्यांचं काम गेलं आणि त्याबरोबर घरातलं त्यांचं कमाईचं स्थानही. निर्यातीच्या आकड्यांत ही घट कुठे दिसत नाही, तिथे तर वाढच दिसते.

दुसरा रस्ता होता पर्यटनाचा, आणि गंमत बघा, तोही कोलंबोतूनच निघाला. जॉर्ज कॉर्बिन नावाचा एक इटालियन पर्यटन व्यावसायिक कोलंबोत अहमद नसीम यांना भेटला. नसीम तेव्हा मालदीवच्या वकिलातीत तरुण कर्मचारी होते, पुढे ते परराष्ट्रमंत्री झाले. त्या भेटीतून 1972 मध्ये कुरुंबा हे मालदीवचं पहिलं रिसॉर्ट उभं राहिलं. आज इन्स्टावर जे मालदीव तुम्हाला दिसतं, त्याची सुरुवात ही.

मग धडा शिकला का देशाने? अर्धा. एका माशाच्या जागी एक पर्यटन आलं. 2020 मध्ये कोविडमुळे मार्चच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पर्यटकांना दारं बंद होती, आणि त्या वर्षी मालदीवची अर्थव्यवस्था सुमारे एक तृतीयांशाने आकसली. पुन्हा तेच: माल उत्तम, पण येणारं गिऱ्हाईक थांबलं.

आणि श्रीलंका? 1977 नंतर तिथे आयात खुली झाली, उंबलकड परतला. आजही मालदीवच्या सुक्या माशाचं मोठं गिऱ्हाईक श्रीलंकाच आहे. पण मधल्या काळात गोष्टी बदलल्यात. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आता स्थानिक उंबलकडही बनतो, आणि आयात मालावर सरकारने खास कर लावलेला आहे. 2022 मध्ये तर श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेडच थांबवली; पेट्रोलसाठीच्या त्या लांबलचक रांगा तुम्ही मोबाइलवर पाहिल्या असतील. पुन्हा आयातीवर बंदीच्या याद्या निघाल्या. पन्नास वर्षांनी दुखणं तेच.

मात्र या वेळी मालदीव त्यात बुडाला नाही, कारण दोघांमधला व्यवहार आता एका दोरीवर लटकलेला नाही. मालदीवचे कंटेनर कोलंबो बंदरात मोठ्या जहाजांवरून छोट्या जहाजांवर चढतात. मालदीवची माणसं शिकायला, दवाखान्याला कोलंबोला जातात. श्रीलंकेची माणसं मालदीवच्या रिसॉर्टमध्ये काम करतात आणि पैसे घरी पाठवतात. भाजी, फळं, चहा तिकडून इकडे येतो. एक दोर तुटला तरी बाकीचे धरून असतात.

आपल्याकडे हीच गोष्ट उलट्या बाजूने घडते. डिसेंबर 2023 मध्ये भारताने कांद्याची निर्यात थांबवली, ती मे 2024 मध्ये खुली झाली. नाशिकच्या कांद्याला श्रीलंकेत, मालदीवमध्ये मागणी असते. तिथे घेणाऱ्याने दार लावलं होतं, इथे विकणाऱ्याच्या सरकारने लावलं. शेतकऱ्याला मात्र दोन्हीकडे बंद दारच दिसतं.

तेव्हा पुढच्या वेळी “अमुक देशाशी आपला व्यापार विक्रमी” अशी बातमी आली, तर वर सरकवण्याआधी दोन प्रश्न विचारा. किती वस्तूंचा? आणि घेणारे किती? आकडा मोठा असून उत्तर “एक वस्तू, एक गिऱ्हाईक” असं आलं, तर तिथल्या माणसांची काळजी करायला हरकत नाही.

तुमच्या गावात असं कुठलं पीक किंवा धंदा आहे का, जो एकाच गिऱ्हाइकावर चालतो? आंबा, बेदाणा, कोळंबी, काहीही. व्हॉइस नोट पाठवा, निवडक आपण पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत, ऐकत राहा!