आपली गणती आपण करू

(पनवेल तालुक्यातल्या आदिवासी वाड्यांच्या बैठकीत जानेवारी २०११ मध्ये संघटनेच्या कार्यकर्त्याने केलेलं भाषण. बैठकीला येऊ न शकलेल्या वाड्यांनी ते एकत्र बसून वाचावं.)



आज बैठकीला माणसं कमी आहेत. का कमी आहेत, ते तुम्हाला सांगायला नको. दिवाळी झाली, मुकादमाची उचल घेतली, आणि वाडीतली कितीतरी घरं भांडीकुंडी बांधून वीटभट्टीवर गेली. कुणी कोळसाभट्टीवर गेलं. दाराला कडी नाहीतर काटेरी फांदी लावलेली आहे. पाऊस जवळ आला की माणसं परत येतील.

आणि नेमकं याच वेळी सरकार माणसं मोजायला निघालं आहे. येत्या ९ फेब्रुवारीपासून २८ फेब्रुवारीपर्यंत जनगणना आहे. दहा वर्षांतून एकदाच होते. मास्तर किंवा बाई कागद घेऊन वाडीत येतील. बंद दार बघतील. त्या २० दिवसांत जो माणूस एक दिवसही घरी नव्हता, त्याची नोंद त्या घरात होत नाही. तो जिथे सापडेल तिथे त्याची नोंद करायची, असा नियम आहे. नियम सगळ्या देशाला एकच. पण फेब्रुवारीत ज्याचं घर भरलेलं असतं त्याला तो नडत नाही. आपल्याला नडतो. भट्टीवर मोजणारा पोचला तर माणूस दुसऱ्या तालुक्याच्या खात्यात जातो. नाही पोचला तर कुठेच नाही.

मग पुढे काय होतं ते बघा. समजा एक वाडी ४० घरांची. दोनशे माणसं. त्यातली २५ घरं भट्टीवर. कागदावर राहिली ७५ माणसं. पाच वर्षांनी आपण रस्ता मागायला गेलो की साहेब म्हणणार, "एवढ्याशा वस्तीला रस्ता कसा द्यायचा?"

रस्त्याचा हिशोब ऐका. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत ५०० लोकवस्तीची अट आहे. अनुसूचित क्षेत्रात ती २५० आहे. पण आपला रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. जिल्ह्यात दर १०० माणसांत साधारण १२ आदिवासी आहेत, तरी नाही. म्हणून आपल्या वाडीला ५०० ची अट लागते. त्याच योजनेत असंही आहे की अर्ध्या किलोमीटरच्या आत असलेल्या वस्त्या एकत्र मोजायच्या. हे आपल्याला कुणी सांगत नाही. शेजारच्या वाडीशी भांडण असलं तर ते बाजूला ठेवा आणि आकडा एकत्र मांडा.

अंगणवाडीचंही तसंच. १३ डिसेंबर २००६ ला सुप्रीम कोर्टाने हुकूम दिला आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान ४० पोरं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. पण ४० पोरं आहेत हे दाखवणार कोण? निम्मी पोरं आईबरोबर भट्टीवर, विटांच्या आडोशाला झोपलेली. घरात बाळंतपण झालं, नोंद नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटून गेलं की मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय होत नाही. ज्याच्या जन्माचा कागद नाही, त्याला शाळेत अंदाजाने तारीख मिळते आणि जातीच्या दाखल्यासाठी त्याच्या बापाला किती खेपा घालाव्या लागतात, ते तुम्ही जाणता. मरणाचीही तीच गत. खोकून खोकून माणूस गेला, बाई बाळंतपणात गेली, वाडी रडली, पण कागदावर कुणी मेलंच नाही. मग दवाखान्याची गाडी कशाला येईल?

दुसरी गोष्ट. जनगणनेच्या पुस्तकात महसुली गावाचं नाव असतं. वाडीचं नसतं. आपली माणसं खालच्या गावात मिसळून जातात. गावात नळ आला की पुस्तकात लिहिलं जातं, गावाला पाणी आहे. वाडीतली बाई मात्र ओढ्यात खड्डा खणून वाटीवाटीने हंडा भरते.

आणि आपण तर शहराच्या अंगणात राहतो. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी आहे, चाफेवाडी आहे. रात्री वरून बघितलं तर खाली सगळा उजेड. नवी मुंबई महापालिकेची माणसं २००१ सालीच सात लाखांवर होती. तिचं पाणी खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून जातं. शहराची सरासरी काढली की आपणही त्या उजेडात धरले जातो. सात लाखांत दोनशे माणसं म्हणजे पातेलंभर भातात एक शीत.

ही सवय जुनी आहे. १९७० साली सिडको आली. नवं शहर वसवायला ठाणे आणि रायगडच्या ९५ गावांच्या जमिनी धरल्या. शेतकरी लढले. दि. बा. पाटलांच्या पुढारीपणाखालच्या लढ्यावर जानेवारी १९८४ ला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. त्या लढ्याला आपला सलाम आहे. पण तो हक्क कुणाला मिळाला? ज्याची जमीन संपादन झाली त्याला, म्हणजे ज्याचं सातबाऱ्यावर नाव त्याला. ज्याची झोपडी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या वरकस जमिनीवर होती, जो बांध घालायचा, राब भाजायचा, त्याचं नाव त्या कागदात नव्हतं. आता विमानतळ येतोय. गेल्या नोव्हेंबरात त्याला पर्यावरण खात्याची मंजुरी मिळाली. जमिनीचा भाव अजून चढेल. डोंगराच्या पायथ्याला कुंपणं पडतील. त्या वेळी पहिला प्रश्न येणार, "तुम्ही इथे होतात याला पुरावा काय?"

म्हणून सांगतो, माणसांची मोजणी आणि जमिनीचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्याचे नियम १ जानेवारी २००८ ला आले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण वनजमीन कसत असू, तिच्यावर राहत असू, तर ४ हेक्टरपर्यंत प्रत्यक्ष ताब्यातल्या जमिनीचा हक्क सांगता येतो. या कायद्यात वाडीत माणसं किती, याची अट नाही. दहा घरांची वाडी असली तरी हक्क तोच. पुराव्यात काय चालतं? जनगणनेसारखे सरकारी कागद चालतात. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र चालतं. घर, बांध, विहीर, देवाची जागा, पुरायची जागा चालते. म्हाताऱ्या माणसाने सांगितलेलं लिहून घेतलं तर तेही चालतं, फक्त तो माणूस स्वतः त्या दाव्यातला नको. एकच पुरावा देऊ नका, एकापेक्षा जास्त जोडा.

आपल्याकडची दळी जमीन घ्या. जुन्या कागदावर एका म्होरक्याचं नाव, आणि कसणारी घरं कितीतरी. आज त्याचे नातू, पणतू, भावबंद वेगळे झालेत. ही घरं कुणी मोजली? आपण मोजली नाहीत तर एका नावावर सगळ्यांची बोळवण होईल.

याच कायद्याच्या कलम ३(२) मध्ये १३ सोयी दिल्या आहेत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेची तार, पिण्याचं पाणी, रस्ता वगैरे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीने ती जागा मिळते. तेव्हा "जंगलखात्याची हद्द आहे, खांब टाकता येणार नाही," असं कुणी म्हटलं तर गप्प बसू नका. कलम दाखवा.

आता कामाचं बोलतो.

पहिलं, जनगणनेचं. त्या २० दिवसांत जी माणसं थोडे दिवस तरी घरी येतील, त्यांची नोंद घरी होईल. ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी भट्टीवर नोंद करून घ्यायची. मालक काही म्हणो. पण दोन्हीकडे नको. खोटा आकडा आपल्यालाच उद्या खोटं पाडेल. आणि जमात विचारली की नुसतं "आदिवासी" म्हणू नका. कातकऱ्यांनी "कातकरी" सांगा, ठाकरांनी "ठाकर" सांगा, आणि तसंच लिहिलंय ना ते शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. महाराष्ट्रात २००१ ला कातकरी सव्वादोन लाखांच्या वर मोजले गेले. आदिम जमात म्हणून सरकारने आपल्याला वेगळं धरलंय. ते नाव कागदावर राहिलं पाहिजे.

दुसरं, वाडीची स्वतःची वही. शंभर पानी वही आणा. पावसाळ्यात, सगळी घरी असताना, घरोघर फिरा. घराला एक पान. माणसांची नावं, वयं, बाई की पुरुष. कोण शाळेत, कोणी सोडली, का सोडली. गेल्या वर्षी कोण जन्मलं, कोण गेलं, कशाने गेलं. रेशनकार्ड आहे का, सावकाराकडे गहाण आहे का. घर कुणाच्या जमिनीवर. कसतो किती, कधीपासून. भट्टीवर कधी गेले, कधी आले, उचल किती, बाकी किती. पाणी कुठून, हंड्याला किती वेळ. लिहायचं काम पोरींना द्या. घरातलं खरं त्यांना ठाऊक असतं.

तिसरं, ती वही ग्रामसभेत वाचा आणि ठरावात नोंद करून घ्या. एक प्रत तहसीलदाराला, एक पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाला. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. मूळ वही वाडीतच राहील, कुणी मागितली तरी द्यायची नाही.

कुणी म्हणेल, आपल्या वहीला सरकार थोडंच मानणार? लगेच नाही मानणार. पण पुढच्या वेळी साहेब म्हणाले "तुम्ही ७५", तर आपण २०० नावं एकेक करून वाचू शकू. नावं वाचायला लागलं की माणसाला खाली बघावं लागतं.

वाडी लहान आहे, हे खरं. पण ती किती लहान, हे बंद दारं मोजून कुणी ठरवायचं नाही. ते आपण ठरवू.

भट्टीवरच्या माणसांना निरोप द्या. पुढच्या बैठकीला प्रत्येक वाडीने वही घेऊन यायचं आहे. पहिल्या पानावर वाडीचं नाव मोठ्या अक्षरात लिहून.

जिंदाबाद!