वेशीवरचा वाघोबा



आपल्या चौकांत पुतळे पुष्कळ आहेत. परंतु रात्री हिंडणाऱ्या जनावराची मूर्ती आपण सहसा उभारीत नाही. डहाणू-जव्हारकडच्या वारली पाड्यांत मात्र ही चाल जुनी आहे. तेथे रानाच्या कडेला वाघोबा उभा असतो. लाकडाची फळी किंवा दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर सूर्य-चंद्र, कोठे नाग, आणि अंगभर शेंदूर. वाघोबात बिबळ्याही आलाच. किंबहुना आज त्या रानांत उरला आहे तो बिबळ्याच. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे व पालघर या भागांतील अशा सुमारे 150 स्थानांची नोंद झाली आहे.

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो. त्याच सुमारास वारली वाघबारस पाळतात, म्हणजे गाय खाणाऱ्याची पूजा करतात! आपणांस ही विसंगती वाटेल. पण मागणे काय असते? माणसांना आणि गुरांना सांभाळ, एवढेच. भीती नाकारलेली नाही. तिला रूप देऊन वेशीवर बसविले आहे. रात्री रानात तुझा वावर आहे, हे आम्ही जाणतो, असा तो कबुलीजबाब आहे.

हीच दृष्टी त्यांच्या भिंतींवर दिसते. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या चित्रांत झाडे उंच असतात आणि माणसे त्यांच्यापुढे इवलीशी. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला जगापुढे नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता शहरेही भिंतींवर बिबळे रंगवू लागली आहेत. चांगलेच आहे. परंतु मुंबईला लागून सुमारे 104 चौरस किलोमीटरांचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तेथील बिबळे काळोख पडल्यावर वस्तीच्या कडेपर्यंत येतात. त्या कडेला आपण दिव्यांचा झगमगाट केला, पळस, मोह, ऐन तोडून मादागास्करचा गुलमोहर लावला, आणि मग भिंतीवर बिबळ्या काढला, तर ते चित्र कशाचे? घालवून दिलेल्या शेजाऱ्याच्या तसबिरीचे!

म्हणून माझी विनंती साधी आहे. गावात असे चित्र किंवा शिल्प जरूर करा. पण त्याच्याजवळ चार देशी झाडे आणि थोडा काळोखही राखून ठेवा. वाघोबाला शेंदराइतकीच त्याची गरज आहे.