एका दिवसाचा संकल्प

(वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी वक्ता नाही. बँकेत कारकुनी करणारा माणूस आहे. व्यसनमुक्तीवर बोला, असे मंडळाने सांगितले तेव्हा आकडेवारी जमवून बोलावे असे मनात होते. पण माझे थोरले बंधू, आमचा दादा, म्हणाला, "आकडे कशाला? माझंच सांग." त्याच्या परवानगीनेच सांगतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. दादा ते शील रविवारी विहारात म्हणायचा आणि संध्याकाळी पिऊन घरी यायचा. लोक त्याला ढोंगी म्हणत. मीही म्हणत होतो. जन्मात शिवणार नाही, अशी शपथ तो रडून घ्यायचा आणि पगाराच्या दिवशी मोडायचा.

माझा दोषही सांगतो. त्याच्या कर्जाला मी जामीन राहिलो. तो कामावर गेला नाही की 'ताप आहे' असा अर्ज मीच लिहून देत असे. भावाचे घर सांभाळतो आहे, असे मला वाटे. वास्तविक मी त्याची दारू सांभाळत होतो.

एकदा त्याने घरच्या घरी एकदम दारू बंद केली. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, मग भिंतीवर किडे दिसू लागले. इस्पितळात न्यावे लागले. डॉक्टरांनी समजावले की, वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर झटके येतात, जीवही जाऊ शकतो. सोडायची ती वैद्यकीय देखरेखीखाली. हा आजार आहे. औषधाने शरीर सावरेल, पण पुढे सोबत लागेल. तिथेच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेचा पत्ता मिळाला.

ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत, ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावी सुरू झाली. शेअर बाजारात काम केलेले बिल विल्सन आणि शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ, दोघेही दारूने पोळलेले. पिणाऱ्याशी पिणाराच मोकळेपणाने बोलला तर दोघेही सावरतात, हे त्यांना उमगले. आपल्या पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभे केले. त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य होते. तिथेही उपचारानंतर पाठपुराव्याच्या सभांना महत्त्व आहे.

पहिल्या दिवशी दादा फाटकावरून दोनदा मागे फिरला. सभा शाळेच्या वर्गात होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसे बसलेली. फी नाही, फॉर्म नाही. कोणी आडनाव विचारले नाही. मित्रहो, आडनाव न विचारण्याचे मोल आपल्या माणसाला वेगळे सांगायला नको!

पण घरी येऊन दादा म्हणाला, "तिथं ईश्वराचं नाव घेतात. आपण कसं जायचं?" शंका रास्त होती. त्यांच्या १२ पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहेच. पुढच्या सभेत त्याने सरळ विचारले. एक जुने सभासद म्हणाले, "इथं अट एकच. दारू सोडायची इच्छा हवी. आपल्याहून मोठी शक्ती म्हणजे हा समूह, असं मानणारेही आमच्यात पुष्कळ आहेत." दादा म्हणाला, "मग हा माझा संघ."

तिथे जन्माची शपथ घेत नाहीत. फक्त आज प्यायची नाही, एवढेच. उद्याचे उद्या. आपण शील तरी एकदाच कुठे घेतो? पुनःपुन्हा घेतो, कारण माणूस घसरतो.

दादाही चार महिन्यांनी घसरला. तोवर मी आणि वहिनी कुटुंबीयांच्या सभेला जाऊ लागलो होतो. अल-अ‍ॅनॉन नावाची ही चळवळ १९५१ पासूनची. या वेळी मी खोटा अर्ज लिहिला नाही. तीन दिवसांचा पगार कापला गेला. वहिनी माझ्याशी बोलेनात. मलाही झोप नव्हती. चौथ्या दिवशी दादा आपण होऊन सभेला गेला. कोणी जाब विचारला नाही, चहा पुढे केला. त्याला आता सहा वर्षे झाली. जामीन म्हणून जे देणे होते ते मी फेडले; नवी सही मात्र केली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी कोणी पीत असेल तर तो तुमचा दोष नाही आणि ती लपवायची गोष्टही नाही. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. खुल्या सभेला नातेवाईकही जाऊ शकतात. पहिल्या दिवशी सोबत जा, फाटकापाशी हात सोडू नका.

आणि मंडळाला एक विनंती. आपल्या विहाराची मागची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ अशा सभेसाठी द्यावी. ही मंडळी बाहेरची देणगी घेत नाहीत, आपला खर्च आपणच वर्गणीतून भागवतात. तेव्हा नाममात्र भाडे घ्यावे. पाचवे शील मोडलेल्या माणसाला विहाराचे दार बंद असेल, तर त्याने जावे कुठे?

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जयभीम!